रेकॉर्ड घेताना आधी मधलं भोक बघा

प्रश्न थोडक्यात असा: मामांकडून जुना टर्नटेबल मिळालाय, चालू आहे, पण ऑनलाइन साध्या एलपीलासुद्धा दीड-दोन हजार मागतात. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात अजून स्वस्तात रेकॉर्डी मिळतात का? मिळत असतील तर कुठे, आणि फसायचं नसेल तर काय बघायचं?

मिळतात. मात्र स्वस्त रेकॉर्ड म्हणजे घासाघीस करून भाव पाडलेली रेकॉर्ड, ही समजूत आधी सोडा. तीस-बत्तीस वर्षं मी हा नाद करतोय. माझ्या कपाटातल्या सगळ्यात स्वस्त पडलेल्या रेकॉर्डींपैकी भांडून मिळालेली क्वचितच एखादी असेल. त्या मिळाल्या कारण त्या दिवशी त्या दुसऱ्या कुणालाच नको होत्या, आणि त्या नीट वाजतील हे मला तिथे उकिडवं बसल्या बसल्या कळलं होतं. या दोनच गोष्टी शिकायच्या आहेत. भाव करणं त्यानंतर येतं, आणि ते तुम्हाला भाजी घेताना येतंच.

पण बाजारात जाण्याआधी टर्नटेबलची पिन बदला. मामांनी ती शेवटची कधी बदलली हे त्यांनाही सांगता येणार नाही. झिजलेली पिन छिन्नीसारखी होते आणि दर वेळी रेकॉर्डची खाच थोडी थोडी खरवडते. बदलताना कार्ट्रिज, म्हणजे पिन ज्यात बसते तो भाग, कुठलं आहे तेही बघून घ्या. हल्लीच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा भार रेकॉर्डवर दीड-दोन ग्रॅम पडतो. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचा पाच-सहा ग्रॅम, कधी त्याहून जास्त. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बाजारातली जवळपास प्रत्येक भारतीय रेकॉर्ड कुठल्या तरी घरी एचएमव्ही फिएस्टा किंवा तसल्याच एखाद्या पेटीवजा प्लेअरवर, जड कार्ट्रिजखाली, वर्षानुवर्षं न बदललेल्या पिनेने वाजलेली आहे. पुढे तपासणीचं जे सांगणार आहे, ते सगळं यातूनच निघतं.

दुसरं, तुमच्या मशीनवर काय वाजतं ते नक्की करा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची मोठी एलपी आणि ४५ फेऱ्यांची छोटी ईपी एकाच पिनेवर वाजतात. ७८चे तवे, म्हणजे त्याआधीच्या लाखेच्या रेकॉर्डी, नाही वाजत. त्यांची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची पिन लागते. एलपीची पिन २५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. बारीक पिन तव्यावर टेकवली तर ती खाचेच्या तळाशी घसरत राहते, नुसता सूं-सूं आवाज येतो आणि पिनही खराब होते. उलट, चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावाल तर ती एका फेरीत कायमची गेली. त्यामुळे ७८चा वेग आणि वेगळी पिन यांची सोय होईपर्यंत तव्यांच्या मोहात पडू नका. कितीही स्वस्त वाटले तरी.

आता कुठे जायचं.

पुण्यात जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. मुंबईत चोर बाजार, म्हणजे भेंडी बाजाराजवळची मटन स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच शुक्रवारी पहाटेपासून रस्त्यावर जो बाजार भरतो तो वेगळा आणि आपल्या कामाचा. दुकानात तुम्हाला निवडलेला, पुसलेला, भाव ठरलेला माल मिळेल. रस्त्यावर गोणीतून नुकताच ओतलेला. गोणी ओतली जाताना तुम्ही तिथे असलात तर बरं, म्हणून लवकर जायचं. नऊनंतर पोहोचलात तर चांगलं काय होतं याच्या गोष्टी फक्त ऐकायला मिळतात.

याशिवाय रद्दीची दुकानं. पेठांतली, दादर-गिरगाव-पार्ल्याची, ठाण्या-डोंबिवलीची. जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात. रद्दीवाल्याला रेकॉर्डीचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून तो त्या बाजूला ठेवतो. त्याला फोन नंबर देऊन ठेवा आणि बोलावलं की खरंच जा. दोनदा बोलावून आला नाहीत, तर तिसऱ्यांदा तो दुसऱ्या कुणाला तरी फोन करील.

फक्त रेकॉर्डींचीच जी मोजकी दुकानं आहेत त्यांना नावं ठेवू नका. तिथला माणूस शेकडो रेकॉर्डी चाळून, धुऊन, वाजवून शंभर ठेवतो; तुम्ही जे पैसे देता ते त्या चाळण्याचे. फक्त तिथे गेल्यावर भिंतीवर लावलेल्या एलपींकडे बघत बसायचं नाही. खाली, टेबलाखाली, चपलांच्या खोक्यात ईपी भरलेल्या असतात, आणि कोपऱ्यात ‘ते काही नाही, तसंच पडलंय’ असा एक ढीग असतो. तो ढीग बघू का, असं विचारायचं. बहुतेक ‘बघा की’ म्हणतात.

त्या ढिगात काय असतं, हे कळायला बाजाराचा थोडा इतिहास माहीत हवा. ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघर पोहोचली, मागून सीडी आली, आणि लोकांनी रेकॉर्डी अक्षरशः टाकल्या. नव्वदच्या सुमारास मी कव्हरं पुठ्ठ्याच्या भावाने आणि रेकॉर्डी प्लास्टिकच्या भंगारात जाताना पाहिल्या आहेत. नंतर वारं फिरलं. परदेशातले डीजे आणि संग्राहक सत्तर-ऐंशीच्या दशकातलं आपलं फिल्मी संगीत शोधायला लागले, आर. डी. बर्मन, बप्पी लाहिरी, कल्याणजी-आनंदजी यांच्या धांगडधिंग्याच्या एलपी इथून तिकडे जायला लागल्या. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डींच्या विक्रीतून सीडीपेक्षा जास्त पैसे आले. ऐंशीच्या दशकानंतर पहिल्यांदाच. या सगळ्याची बातमी मटन स्ट्रीटवर माझ्या आधी पोहोचली. त्यामुळे सत्तरच्या दशकातली गाजलेल्या हिंदी चित्रपटाची एलपी स्वस्तात मिळेल, ही आशा सोडा. ज्याच्या कव्हरवर पिस्तूल, मोटारसायकल किंवा पंखांचा पोशाख घातलेली नर्तिका आहे, त्याचा भाव तिथल्या पोरालाही ठाऊक असतो.

यात एक गंमत आहे. गाजलेलं म्हणजे दुर्मीळ नव्हे. ‘शोले’च्या संवादांची पॉलिडोर कंपनीची एलपी घ्या. ती इतकी खपली की आजही ढिगाने आहे, तरी नावामुळे भाव चढा सांगतात. जिम रीव्ह्ज, बोनी एम, ॲबा या इंग्रजी गाणाऱ्यांचंही तेच. मुंबईतल्या एकाही ढिगात जिम रीव्ह्ज नव्हता, असं मला आजवर आठवत नाही. अशा रेकॉर्डी हव्या असतील तर जरूर घ्या, पण घाई करू नका. पुढच्या आठवड्यात दुसरी मिळेल, आणि बहुधा जास्त चांगल्या स्थितीत.

स्वस्त काय आहे? ज्याला गिऱ्हाईक कमी आहे ते. मराठी भावगीतं, अभंग, नाट्यगीतं, लावण्या यांच्या ईपी. पु. ल. देशपांड्यांच्या एकपात्री कार्यक्रमांच्या एलपी. शास्त्रीय गायन-वादनाच्या एचएमव्हीच्या एलपी, आणि त्यातही वादनापेक्षा गायनाच्या, कारण सतार-संतूर परदेशी पाहुणाही घेतो, ख्याल घेत नाही. आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. मुंबईतल्या पारशी आणि ख्रिश्चन घरांतून हा माल उत्तम स्थितीत बाहेर पडतो, कारण त्या घरांत रेकॉर्ड कडेला धरून हाताळायची शिस्त होती आणि प्लेअरही बरे होते. डेक्का आणि डॉइचे ग्रामोफोनच्या एलपी मी जिम रीव्ह्जपेक्षा कमी पैशांत घेतल्या आहेत. बेथोव्हन ऐकायची सवय नसेल तर या भावात लावून घ्या.

मराठीच्या बाबतीत माझा एक अनुभव सांगतो. पुण्यात मराठी महाग आणि मुंबईत स्वस्त. पुण्यातल्या विकणाऱ्याला बालगंधर्व कोण हे माहीत असतं आणि घेणारा किती वेडा आहे हेही. चोर बाजारात भाव हिंदी चित्रपटांच्या नावावरून ठरतात, मराठी ईपी तळाशी जातात. कोलकात्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर तर मला मराठी अभंगांची एक एलपी मिळाली, ती विकणाऱ्याला भाषा कोणती तेच ठाऊक नव्हतं. देवनागरी बघून ‘नेपाली होगा’ म्हणाला. मी दुरुस्ती केली नाही.

आता मुख्य भाग. ढिगातून एक रेकॉर्ड उचललीत. पुढे काय?

कव्हर हातात घेतल्यावर वास घ्या. ओलसर कुबट वास आला तर आत बुरशी असणार. बुरशी म्हणजे नकार, असं नाही, त्याकडे येतोच. कव्हरच्या कडा बघा, वाळवी-कसर लागलीय का. मग मागची बाजू. जुन्या कव्हरवर एखाद्या साउंड सर्व्हिसचा किंवा मंडप डेकोरेटर्सचा रबरी शिक्का दिसला तर रेकॉर्ड तिथेच परत ठेवा. लाऊडस्पीकरवाल्यांनी ती लग्नांत, गणपतीत, सत्यनारायणाला सकाळपासून रात्रीपर्यंत वाजवलेली आहे. इराणी हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समधून आलेल्या ४५च्या रेकॉर्डींचीही तीच गत. याउलट ‘चि. सौ. कां. अमुक हिस विवाहानिमित्त सप्रेम भेट’ असं शाईने लिहिलेलं दिसलं तर मला आनंद होतो. लग्नात मिळालेल्या रेकॉर्डी बऱ्याचदा वाजलेल्याच नसतात, कारण प्लेअर भेट मिळालेला नसतो.

मग रेकॉर्ड कव्हरातून पूर्ण बाहेर काढा. हे लाजून टाळू नका. मी एकदा ख्यालाची एलपी कव्हर बघून, घाईत, पैसे देऊन घेऊन आलो. घरी आल्यावर आतून बोनी एम निघाला. तोही चरा पडलेला. लेबलवरचा नंबर आणि कव्हरवरचा नंबर जुळतो का ते बघायचं. एचएमव्हीच्या एलपीवर नंबराआधी ईएएलपी, ईएएसडी, ईसीएलपी किंवा ईसीएसडी असं काही असतं. त्यातली शेवटची दोन अक्षरं एलपी असली तर मोनो, एसडी असली तर स्टिरिओ. पॉलिडोरच्या हिंदी फिल्मी एलपी २३९२ने सुरू होतात. एवढं पाठ असलं तरी ढीग चाळताना हात भराभर चालतो.

आता मधलं भोक. हे लोक बघत नाहीत आणि मी सगळ्यात आधी बघतो. रेकॉर्ड प्लेअरवर ठेवताना मधल्या दांडीवर भोक बरोबर बसत नाही. माणूस ती अंदाजाने इकडेतिकडे सरकवतो. तेवढ्यात दांडीचं टोक लेबलवर बारीक रेघ ओढतं. प्रत्येक वेळी एखादी. भोकाभोवती अशा चंदेरी, केसासारख्या रेघांचं जाळं असेल, भोकाची कड बोथट झाली असेल, तर ती रेकॉर्ड शेकडो वेळा लागली आहे, मग वरून कितीही चकचकीत दिसो. लेबल कोरं आणि भोकाची कड धारदार असेल, तर वरचा भाग धुळीने माखलेला असला तरी आत चांगला माल आहे. धूळ धुता येते. झीज धुता येत नाही.

मग पृष्ठभाग. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच रेकॉर्डी सुंदर दिसतात. फोनचा टॉर्च लावा, रेकॉर्ड जवळजवळ आडवी धरा, आणि प्रकाश तिरपा पाडून ती हळूहळू फिरवा. बारीक, केसासारखे, पृष्ठभागावरचे ओरखडे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. जो चरा डोळ्यात भरतो त्यावरून नखाची कड अलगद आडवी न्या. नख अडकलं तर तो ऐकू येणारच: ३३⅓ला एक फेरी १.८ सेकंदांची असते, म्हणजे दर १.८ सेकंदाला एक ‘टक’. चरा खाचांना आडवा असेल तर टक-टक होऊन पुढे जातो. खाचेच्या बरोबर दिशेने, लांबट, थोडा तिरका चरा जास्त वाईट. त्यात पिन अडकते किंवा मागे उडी मारते, आणि गायिका एकच ओळ तुम्ही उठेपर्यंत म्हणत राहते.

झीज ओळखणं याहून अवघड, आणि मघाशी सांगितलेल्या जड कार्ट्रिजचं हेच फळ. झिजलेल्या रेकॉर्डवर चरा नसतो. फक्त रंग बदललेला असतो. नवीन खाच गडद काळी, पाण्यासारखी चमकते. झिजलेली राखाडी, मळकट, जणू त्यावर राखेचा हात फिरलाय. हा राखाडीपणा गाण्याच्या जोरकस जागी पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो आणि आतल्या बाजूला, लेबलकडे, वाढत जातो. म्हणून वाजवून बघायची संधी मिळाली तर पहिलं गाणं लावू नका. बाजूच्या शेवटच्या गाण्यावर पिन ठेवायला सांगा. तिथे आवाज फाटत नसेल, ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येत नसतील, तर बाकीची बाजू चांगलीच असणार.

वाजवून बघण्याबाबत एक सावधगिरी. दुकानदाराच्या प्लेअरची पिन कशी आहे ते आधी बघा. जी रेकॉर्ड नजरेला चोख दिसते ती मी अशा प्लेअरवर वाजवायलाच देत नाही, सरळ घेतो. शंकास्पद असेल तीच वाजवतो.

पुढे वाकडेपणा. रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत धरा आणि कडेवरून बघा, बंदुकीचा नेम धरतात तसं. हलकी लाट असेल तर पिन ती सहज पार करते. कडेला उचललेला फुगवटा असेल तर पहिल्या गाण्याला पिन उडेल. आडव्या रचलेल्या, पत्र्याच्या छपराखालच्या ढिगातून आलेल्या रेकॉर्डी बशीसारख्या झालेल्या असतात. दोन काचांमध्ये दाबून सरळ होतात असं लोक सांगतात. माझ्या हातून सरळ झालेल्यांपेक्षा बिघडलेल्या जास्त आहेत.

आता तीन फसव्या गोष्टी. पहिली बुरशी. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत रेकॉर्डवर पांढरे ठिपके किंवा जाळी धरते. बघणाऱ्याला वाटतं माल गेला, विकणाऱ्यालाही वाटतं, भाव पडतो. पण बुरशी पृष्ठभागावर असते आणि बहुतेक वेळा धुतल्यावर निघते. भोकाभोवती रेघा नाहीत, चरे नाहीत आणि वर बुरशी: माझ्या बऱ्याच चांगल्या रेकॉर्डी अशाच आल्या आहेत. दुसरी, धुकट पट्टे. मऊ पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रेकॉर्डवर त्या पिशवीच्या सुरकुत्यांचे ठसे उमटतात. ते बुरशीसारखे दिसतात, पण धुऊन जात नाहीत आणि सतत सूं-सूं करतात. बोट फिरवून बघा. बुरशी बोटाला लागते, ठसा लागत नाही. तिसरी, अती चमक. एका ठिकाणी मी रेकॉर्ड हातात घेतली आणि बोटं तेलकट झाली. वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला होता. सगळे बारीक ओरखडे गायब, रेकॉर्ड आरशासारखी. तेल खाचेत धूळ धरून ठेवतं. तिथून मी परत काही घेतलं नाही.

एवढं सगळं बघायला मला आता एका रेकॉर्डला अर्धा मिनिट लागतं. तुम्हाला सुरुवातीला पाच मिनिटं लागतील. लागू द्या.

भाव. भाव करताना मी एक पथ्य पाळतो: हवी असलेली रेकॉर्ड आधी उचलायची नाही. सात-आठ बाजूला काढायच्या, त्यात हवी ती मध्ये कुठेतरी. मग एकेक विचारायचा. शुक्रवारच्या बाजारातला एक प्रसंग जसाच्या तसा:

‘चाचा, ये कितने का?’

‘पांच सौ. ओरिजिनल है.’

‘और ये मराठीवाला?’

‘वो... सौ दे देना.’

‘ये छोटेवाले?’

‘पचास-पचास.’

‘सब मिला के बोलो ना. बोहनी का टाइम है.’

पाचशेची मी शेवटी काढून टाकली. मला ती नकोच होती. तिच्यावर त्याने ताणावं म्हणून ती ढिगात होती. मराठी एलपी आणि सहा ईपी मिळून तीनशेला दिल्या. पहिल्या गिऱ्हाइकाला सहसा परत पाठवत नाहीत, आपल्याकडे ‘भवानी’ म्हणतात तेच. संध्याकाळी आवराआवरीच्या वेळीही भाव नरम होतो, कारण गोणी परत उचलून न्यायची असते; पण तोवर ढिगात जिम रीव्ह्ज उरलेला असतो.

विक्रेत्यासमोर फोन काढून डिस्कॉग्जवर, म्हणजे रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर, किंमत बघू नका. तुम्ही बघताय म्हणजे काहीतरी आहे, हे त्याला लगेच कळतं. आणि बघायचीच असेल तर मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्षात किती रुपयांना विकली गेली ते बघा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तोच विक्रेता तुम्हाला स्क्रीनवर सगळ्यात मोठा आकडा दाखवील. तो कुणीतरी मागितलेला असतो, कुणी दिलेला नसतो.

घरातून विकत घेताना मात्र हे डावपेच घरी ठेवून जा. आजोबा गेले आहेत, आजी विचारतेय ‘कितीला घ्याल?’, आणि ढिगात एक खरंच मौल्यवान रेकॉर्ड आहे, तर ती वेगळी काढून तिची किंमत सांगा. मी सांगतो. त्यात संतपणा नाही. त्याच सोसायटीतून मला पुढे आणखी दोन घरांची बोलावणी आली.

तव्यांबद्दल थोडंसं, कारण पिनेची सोय झाली की तुम्ही तिकडे वळणारच. ते लाखेचे असतात, पडले की फुटतात. घेताना एका बोटावर भोकात तोलून कडेवर नखाने टिचकी मारा. सलग असेल तर खणखणीत आवाज येतो, तडा असेल तर बद्द. मडकं घेताना करतो तेच. भारतात तव्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली, कोलकात्यात, आणि त्या पहिल्याच खेपेत गौहर जानही गायल्या; सियालदहचा कारखाना १९०८ साली सुरू होईपर्यंत आपल्या रेकॉर्डी जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. त्यामुळे लेबलवर हॅनोव्हर दिसलं, एकाच बाजूला खाचा असल्या, शेवटी गाणारा स्वतःचं नाव सांगत असला, तर जपून ठेवा. बाकी बहुसंख्य तवे नंतरचे, दमदमच्या कारखान्याचे, आणि नाट्यगीतांचे तर भरपूर. एकाने मला केसरबाई केरकरांचा तवा पाच हजारांना सांगितला होता: ‘ये अंतरिक्ष में गया है, साहब.’ १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाईंची भैरवी गेली हे खरं. त्याच्या हातातला तवा दुसऱ्याच रागाचा होता. भैरवी पहाटेची आणि हा संध्याकाळचा, एवढं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, अंतरिक्षात सकाळ-संध्याकाळ कुठे असते. याला उत्तर नव्हतं.

धुणं सोपं आहे. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, लिटरभर. त्यात भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाचे चार थेंब. लेबल कोरडं ठेवायचं. मायक्रोफायबरच्या कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत, आणि भांड्यांच्या जाळीत उभं करून वाळवायचं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. हट्टी डागाला विनाइलवर, म्हणजे एलपी-ईपीवर, पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. लाखेच्या तव्यावर अल्कोहोलचा थेंबही नको. लाख त्यात विरघळते. धुतल्यावर जुन्या पिशवीत परत घालू नका, नवीन घ्या. कपाटात उभ्या ठेवा, वही ठेवतो तशा, तिरप्या नाही. एका एलपीचं कव्हरसकट वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पन्नास एलपी दहा किलो. फळी त्या बेताने निवडा.

शेवटचं, रेकॉर्डी घरी नेण्याबद्दल. कापडी पिशवीत उभ्या, मागेपुढे जाड पुठ्ठा लावून. बसमध्ये मांडीवर. गाडीत न्यायच्या तर थेट घरी. २००९च्या एप्रिलात जुन्या बाजारातून अकरा एलपी घेतल्या, उत्तम, बिनरेघांच्या, आणि वाटेत एका मित्राकडे जेवायला थांबलो. गाडी उन्हात, रेकॉर्डी मागच्या काचेखाली. आमरस होता, दोन तास गेले. परत आलो तेव्हा वरच्या सहा एलपींच्या कडा पापडासारख्या वर आल्या होत्या. खालच्या पाच अजून वाजतात.